शिकारीच्या रायफलीचा स्कोप कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची, नेम धरायची दुर्बीण. इथली उत्तरं अमेरिकेतल्या व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या शिकारीला धरून लिहिली आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी जे पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढतात, त्यांचे प्रश्न बहुतेक याच शिकारीबद्दल असतात. मापं यार्ड आणि इंचांतच ठेवली आहेत, कारण तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर, काडतुसांच्या खोक्यावर आणि बहुतेक स्कोपच्या टरेटवर (नेम सरकवायच्या चकतीवर) तीच असतात. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर.

३-९×४० म्हणजे नेमकं काय?

पहिले दोन आकडे मोठेपणाचे: चित्र तीनपट ते नऊपट मोठं दिसतं. गुणाकाराच्या खुणेनंतरचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४×३२ असं लिहिलं असेल तर मोठेपणा चारपटच, तो बदलत नाही.

मग जास्त पटीचा घेतलेला बरा ना?

नाही. नव्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुकानात १६ पटीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते आणि माणूस भाळतो. पण पूर्वेकडच्या राज्यांत, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मिशिगनच्या रानांत, हरीण बहुतेक वेळा १०० यार्डांच्या आतच दिसतं, कित्येकदा ३०-४० यार्डांवर. साधारण ३-९ च्या स्कोपमधून १०० यार्डांवर तीन पटीला सुमारे ३३ फूट रुंदीचा पट्टा दिसतो आणि नऊ पटीला जेमतेम ११ ते १३ फूट. हेच ३० यार्डांवर आणा: नऊ पटीला चार फुटांहून कमी. हरणाचं अंगच त्याहून लांब. म्हणजे स्कोप डोळ्याला लावल्यावर समोर नुसते तपकिरी केस दिसतात. खांदा कुठला, मांडी कुठली, कळत नाही. तुम्ही स्कोप इकडेतिकडे फिरवेपर्यंत हरीण शेपटी वर करून पसार झालेलं असतं.

दुसरं असं की पट वाढवला की हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी दिसते. ती थांबवायच्या नादात माणूस चाप हिसकतो.

म्हणून रानात चालताना किंवा मचाणावर बसताना स्कोप सगळ्यात कमी पटीवरच ठेवा. लांबचं हरीण दिसलं तर पट वाढवायला वेळ मिळतो. जवळचं अचानक समोर आलं तर कमी करायला मिळत नाही.

कुठल्या रानाला कुठला?

दाट झाडी, नाले, हाकारा घालून शिकार: १-४×२४, १-६×२४ किंवा २-७×३३. साधं जंगल, मध्ये शेतं: ३-९×४०. हाच सर्वसाधारण उत्तर म्हणून द्यायचा झाला तर आम्ही बिनदिक्कत देतो. व्हायोमिंगसारख्या उघड्या माळरानावर प्राँगहॉर्न किंवा म्यूल डिअर या हरणांसारख्या प्राण्यांची शिकार करायची असेल तर ४-१२ किंवा ३-१५ ला अर्थ आहे, कारण तिथे २०० ते ३०० यार्डांचे बार नेहमीचे.

ओहायो, आयोवा अशा राज्यांत हरणासाठी बाटलीसारख्या मानेची काडतुसं सहसा चालत नाहीत. स्लग म्हणजे एकच मोठी गोळी टाकणारी शॉटगन किंवा .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर अशी सरळ भिंतीची काडतुसं वापरावी लागतात. त्यांचा पल्ला दीडशे-दोनशे यार्डांचा. तिथे २-७ च्या वर पैसे घालू नका.

५० मिलिमीटरचं भिंग घेतलं तर संध्याकाळी जास्त दिसेल का?

थोडं, आणि तेही मोठ्या पटीलाच. भिंगाचा व्यास भागिले पट केलं की स्कोपमागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर. ४० भागिले ६ म्हणजे ६.७. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर अनेकांची पाचाच्या आसपासच. बाहुलीपेक्षा जाड झोत आला तर उरलेला प्रकाश वायाच जातो. म्हणजे ४० च्या स्कोपवर उजेड कमी वाटला की पट सहावर आणायचा. काम झालं, फुकटात.

५० च्या भिंगाची किंमत मात्र सगळीकडे मोजावी लागते. स्कोप जड होतो, उंच रिंगा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी कडी) लागतात, आणि उंच रिंगांमुळे गाल दस्त्यावर (रायफलीच्या खांद्याला लागणाऱ्या भागावर) टेकत नाही, हवेत तरंगतो. गाल दर वेळी एकाच जागी टेकला नाही तर डोळाही एका जागी राहत नाही.

काच चांगली की वाईट, हे दुकानात कसं ओळखायचं?

दुकानातल्या दिव्याखाली नाही ओळखता येत. तिथे सगळेच स्कोप छान दिसतात. विक्रेत्याला विचारून संध्याकाळी दाराबाहेर या. दोन स्कोप एकाच पटीवर, समजा सहावर, ठेवा आणि सावलीतला कोपरा बघा: झाडाचं बूड, गाडीखालची जागा, कुंपणाची तार. ज्यात साल आणि सावली वेगळी दिसते तो चांगला. मग मावळतीच्या बाजूला, पण सूर्याकडे नव्हे, वळवा. चित्रावर दुधाळ पडदा आला तर काचेवरच्या थराचं, म्हणजे कोटिंगचं, काम हलकं आहे. कडेला चित्र पुसट होणं स्वस्त स्कोपमध्ये चालतं; मध्यभागी पुसट असेल तर परत द्या.

कोटिंगचं महत्त्व इतकं का? बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार टक्के प्रकाश परतवतो, आणि स्कोपमध्ये असे दहाबारा पृष्ठभाग सहज असतात. त्याने चित्र काळवंडतंच, शिवाय परतलेला प्रकाश नळीत घुमून पांढुरका धूसरपणा आणतो. परावर्तन कमी करणारं कोटिंग झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या स्माकुला यांनी १९३५ साली शोधलं. आजच्या डब्यांवर ‘कोटेड’, ‘फुली कोटेड’, ‘मल्टिकोटेड’, ‘फुली मल्टिकोटेड’ असे चार शब्द दिसतील. पहिल्याचा अर्थ कुठल्यातरी काचेवर एक थर, शेवटच्याचा अर्थ हवेला लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थर. शेवटचा नसेल तर पुढे बघू नका.

स्कोपची नळी १ इंचाची की ३० मिलिमीटरची?

जाड नळीतून जास्त उजेड येतो हा गैरसमज आहे. जाड नळीचा खरा फायदा म्हणजे आत नेम वरखाली सरकवायला जास्त जागा मिळते. ३०० यार्डांच्या आतल्या शिकारीला १ इंच भरपूर. रिंगा मात्र नळीच्याच मापाच्या घ्या, २५.४ ची नळी ३० च्या रिंगेत कागद घालून बसवणारे महाभाग आहेत.

क्रॉसहेअर कुठले चांगले?

क्रॉसहेअर किंवा रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा. हरणाला साधे ड्युप्लेक्स: बाहेर जाड, मध्याशी बारीक. जाड भाग अंधारात डोळ्याला मध्याकडे नेतो. अगदी बारीक जाळीदार रेटिकल संध्याकाळी झुडपात विरघळून जातं.

अंतरानुसार खाली खुणा असलेलं बीडीसी रेटिकल घेत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बहुतेक शिकारी स्कोपमध्ये रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतं, म्हणजे पट बदलला तरी रेघा तेवढ्याच दिसतात. त्यामुळे त्या खुणा एकाच पटीवर, बहुधा सगळ्यात मोठ्या, खऱ्या असतात. नऊ पटीला ३०० यार्डांची असलेली खूण सहाला तीनशेची राहत नाही, आणि गोळी भलतीकडे जाते. पहिल्या फोकल प्लेनमध्ये हा प्रश्न नाही, पण तिथे कमी पटीला रेघा इतक्या बारीक होतात की झाडीत दिसतच नाहीत. पल्ला २०० यार्डांच्या आत असेल तर या वादात पडूच नका.

मध्याला लाल ठिपका पेटणारा स्कोप शेवटच्या दहा मिनिटांत कामाला येतो. ठिपका मंदातला मंद ठेवा; तेज केला तर डोळा दिपतो आणि मागचं हरीणच दिसेनासं होतं. बॅटरी सहसा सीआर २०३२. एक जास्तीची खिशात असू द्या, थंडीत ती लवकर दम तोडते.

आय रिलीफ म्हणजे काय? भुवई फुटते म्हणतात ते खरं का?

पूर्ण गोल चित्र दिसण्यासाठी मागच्या काचेपासून डोळा जितका लांब लागतो ते अंतर. साडेतीन इंचांपेक्षा कमी नको; .३०० विनचेस्टर मॅग्नमसारखी धक्का मारणारी रायफल असेल तर चार इंचांच्या जवळपास बघा. धक्क्याने स्कोप मागे येतो, आणि डोळा जवळ असला तर भुवईवर अर्धचंद्राकृती खोक पडते. चढणीवर वरच्या बाजूला नेम धरताना, किंवा पालथं पडून बार टाकताना, डोकं आपोआप पुढे सरकतं. खोकी तेव्हाच पडतात.

हे अंतर अनेक स्कोपमध्ये पट वाढवला की कमी होतं. म्हणून बसवताना स्कोप सगळ्यात मोठ्या पटीवर ठेवा, थंडीतलं जाड जाकीट अंगात घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल दिसायला हवं. कडेला काळी कोर दिसली तर स्कोप पुढेमागे सरकवा. टी-शर्टवर बसवलेला स्कोप नोव्हेंबरात जुळत नाही, कारण जाकिटाने दस्ता इंचभर पुढे ढकललेला असतो.

पॅरॅलॅक्सची काळजी करावी का?

शिकारीत फारशी नाही. डोळा थोडा हलवला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसतात, तो हा दोष. शिकारीचे बहुतेक स्कोप कारखान्यातूनच १०० यार्डांना जुळवलेले येतात, आणि २०० यार्डांपर्यंतची चूक हरणाच्या छातीपुढे नगण्य असते. बाजूला फोकसचं चक्र १२ पटीच्या वरच्या स्कोपला हवं. .२२ या छोट्या काडतुसाच्या रायफलीसाठी मात्र ५०-६० यार्डांना जुळवलेला वेगळा स्कोप येतो, तो घ्या.

रिंगा आणि बेसवर किती खर्च करावा?

रायफलीवरून गोळी इकडेतिकडे जाते तेव्हा दोष बहुतेक वेळा स्कोपचा नसतो, खालच्या स्क्रूंचा असतो. चारशे डॉलरचा स्कोप पंधरा डॉलरच्या रिंगांत बसवणं म्हणजे नव्या गाडीला गोटा झालेले टायर. उलट करा: साध्या ३-९×४० ला दोनशे ते चारशे डॉलर, आणि बेस-रिंगांना त्याखेरीज पन्नास ते शंभर. बेस (रिंगांखालची पट्टी) तुमच्याच रायफलीच्या मॉडेलचा मागा. वीव्हर आणि पिकाटिनी हे बेसचे दोन प्रकार दिसायला सारखे, पण पिकाटिनीची खाच रुंद असते. वीव्हरच्या रिंगा बहुधा पिकाटिनीवर बसतात, उलटं बसेलच असं नाही.

रिंगांची उंची शक्य तितकी कमी, पण दोन ठिकाणी तपासा. पुढचं भिंग रायफलीच्या नळीला टेकता कामा नये, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. आणि बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची) मूठ वर उचलली की स्कोपच्या मागच्या भागाला घासता कामा नये.

स्कोप घरी बसवता येईल का?

येतो. इंच-पाउंडचा टॉर्क ड्रायव्हर (ठरलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा), अल्कोहोल, चिंधी, ओळंबा एवढं पुरे. आधी रायफल रिकामी आहे ना ते बोल्ट उघडून डोळ्यांनी आणि बोटाने बघा, मग बोल्टच काढून बाजूला ठेवा.

बेसचे स्क्रू आणि त्यांची भोकं अल्कोहोलने पुसून कोरडी करा. कारखान्यातलं तेल तिथेच राहिलं तर स्क्रू धक्क्यांनी ढिले होणारच. बेसच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब. लाल लावू नका, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. रिंगेच्या वरच्या स्क्रूंना काहीच लावू नका: ओल्या आट्यांवर तोच टॉर्क दिला तर स्क्रू प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि स्कोपची नळी चेपते.

मग स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांत ठेवा, वरचे भाग हलकेच लावा, वर सांगितल्याप्रमाणे डोळ्याचं अंतर जुळवा. भिंतीवर ओळंबा सोडा, रायफल सरळ धरून उभी रेघ त्या दोऱ्याशी समांतर करा. रेघ कलती राहिली तर १०० यार्डांवर कळत नाही, ३०० वर गोळी बाजूला पडते. शेवटी स्क्रू कर्णात एकेक करून थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहतील असे. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड. रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे. गॅरेजमधला गाडीचा पाना इथे आणलात तर स्कोपच्या नळीवर कायमचा वळ उठेल.

डोळ्याजवळचं चक्र राहिलं. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा, एकदोन सेकंद बघा, नजर काढा. पहिल्या क्षणालाच रेघ काळी आणि धारदार दिसेपर्यंत चक्र फिरवा. टक लावून बघितलंत तर डोळाच जुळवून घेतो आणि फसवतो.

झिरो कसा करायचा?

झिरो म्हणजे नेम आणि गोळी ठरलेल्या अंतरावर एकाच जागी आणणं. २५ यार्डांपासून सुरुवात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा. टेकण दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, नळीखाली नव्हे. तीन बार टाका, तिन्ही भोकांचा मध्य शोधा.

बहुतेक टरेटवर एक क्लिक म्हणजे कोनाचं पाव मिनिट, १०० यार्डांवर साधारण पाव इंच. २५ यार्डांवर तोच क्लिक एकसोळांश इंच. समजा २५ यार्डांवर गोळ्या एक इंच खाली आणि अर्धा इंच उजवीकडे पडल्या: १६ क्लिक वर, ८ क्लिक डावीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे न्यायची ते दाखवतो, क्रॉसहेअर नव्हे. काडतुसं फुकट जातात ती इथेच. टरेटवर ०.१ मिल (कोनाचं दुसरं माप) लिहिलं असेल तर एक क्लिक १०० यार्डांवर ०.३६ इंच, १०० मीटरवर एक सेंटिमीटर.

२५ ला मध्यावर आलं की १०० यार्डांवर जा. .३०८ काडतुसाची १५० ग्रेन वजनाची गोळी तिथे दोनेक इंच वर बसवा: २०० यार्डांना ती मध्यावर येते आणि ३०० ला आठेक इंच खाली जाते. हरणाच्या छातीचा मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा. म्हणजे २०० यार्डांपर्यंत नेम बदलायची गरजच नाही, सरळ मध्यावर धरा.

दोन बारांमध्ये रायफलीची नळी हाताला सोसवेल इतकी निवू द्या. शिकारीतली पहिली गोळी थंड नळीतून जाते, म्हणून शेवटची खात्री दुसऱ्या दिवशी थंड नळीच्या एकाच बाराने करा. आणि झिरो केलेलं काडतूसच रानात न्या. त्याच वजनाचं पण दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर १०० यार्डांवर दोन-तीन इंच फरक सहज पडतो.

झिरो टिकत नाही. स्कोप परत करू का?

आधी क्रमाने हे बघा: दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट बसतो तो धातूचा भाग) जोडणारे स्क्रू, बेसचे स्क्रू, रिंगा, काडतूस, मग रायफलीच्या नळीत साठलेला तांब्याचा थर. हे सगळं ठीक असेल तर चौकोनाची परीक्षा करा. मोठ्या कागदाच्या खालच्या डाव्या भागात एकच खूण करा, नेम कायम तिच्यावरच. एक बार, मग २० क्लिक वर, बार, २० उजवीकडे, बार, २० खाली, बार, २० डावीकडे, बार. पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी पडली आणि चौकोन चौकोनच राहिला, तर स्कोप चांगला आहे. क्लिक फिरवूनही गोळी जागची हलत नाही आणि दोन बारांनंतर एकदम उडी मारते, असं झालं तर आतली स्प्रिंग अडकते आहे. तो परत करा.

आत धुकं साठलं तर?

बाहेरच्या काचेवर साठलं तर पुसा, रायफल उबदार केबिनमध्ये आतबाहेर करू नका. आत साठलं तर सील गेलं. घरी उघडू नका, दुरुस्तीला पाठवा. नळीतली दमट हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, तो उघडल्यावर परत भरता येत नाही.

छऱ्याच्या रायफलीवर हाच स्कोप चालेल?

स्प्रिंगच्या एअर रायफलीवर नाही. पिस्टन पुढे जाताना एक धक्का मागे आणि तो आदळताना दुसरा पुढे बसतो. एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेला चांगला महागडा स्कोपसुद्धा त्यात खिळखिळा होतो. ‘स्प्रिंगर’साठी असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

स्कोपमधून हरीण आहे की माणूस, ते बघता येईल ना?

नाही, हे कधीच करू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. बघायला गळ्यात ८×४२ ची दुर्बीण हवी. पैसे मोजकेच असतील तर स्कोपचे थोडे कमी करून दुर्बिणीत घाला. दिवसभरात तिच्यातून तास-दोन तास बघता, स्कोपमधून दहा सेकंद.

आम्ही एच-१बीवर आहोत. रायफल, स्कोप घेता येतो का?

नुसता स्कोप कोणीही घेऊ शकतो. बंदूक आणि काडतुसं मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावरच्यांना बाळगता येत नाहीत. कायद्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तो संपला की सूटही संपते, हे तारखेसकट लक्षात ठेवा. ग्रीन कार्डधारकांना हा नियम लागू नाही. रात्रीची दृष्टी देणारे आणि थर्मल स्कोप अनेक राज्यांत हरणाला चालत नाहीत, आणि पश्चिमेकडच्या राज्यांतल्या मझललोडरच्या (तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीच्या) हंगामात काही ठिकाणी साध्या स्कोपलाही बंदी असते. राज्याची त्या वर्षीची शिकार-नियमांची पुस्तिका वाचा.

येताना भारतात भावासाठी एक आणू का?

नको. रायफलीचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत. सूटकेसमध्ये टाकून नेण्याची वस्तू नव्हे. शिवाय भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हौसेची शिकार बंदच आहे. भाऊ नेमबाजी शिकत असेल तरी ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप लागत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, ते स्कोपविना, बारीक भोकाच्या पीप साइटवर.